अकरा नंबरचं रडर

बाबा गेल्यानंतर पाच महिन्यांनी त्यांच्या नावाचं पत्र आलं. अक्षर इतकं रेखीव, की लिहिणाऱ्यानं फूटपट्टी लावली असावी. मी ते दुकानातच फोडलं. खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवायचं आमचं दुकान आहे. आधी बाबांचं होतं, आता माझं. समोर दातांच्या डॉक्टरची खुर्ची उलटी पडली होती आणि माझ्या ओठांत चार बारीक खिळे होते. ओठांत खिळे असताना पत्र वाचलेलं बरं असतं, लगेच कुणाशी बोलावं लागत नाही.

लिहिणारे गृहस्थ बस खात्यात वेळापत्रकं करायचे, आता निवृत्त. निवृत्तीनंतर माणसं झाडं लावतात, नातवंडं सांभाळतात. हे जुनी विमानं मोजत होते. सगळी नाही, एकाच जातीची. नौदलाची, जहाजाच्या डेकवरून उडणारी, पंख दुमडून कपाटात ठेवल्यासारखी ठेवता येणारी. अशी एकूण बावीस होती. त्यांतली किती उरली आहेत याची यादी ते नऊ वर्षं करत होते आणि आजवर चार सापडली होती. चौथं सहा नंबरचं. त्याच्या शेपटीवरचं कापड अजून मूळचं आहे, तुम्ही त्या काळी कापडखात्यात होतात असं कळलं, तर येऊन बघाल का, असं त्यांनी बाबांना विचारलं होतं.

हे विमानाचं कापड काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या विमानांचं धड पत्र्याचं होतं. पण शेपटीचं सुकाणू, आमच्या घरात त्याला रडरच म्हणायचे, ते म्हणजे आत हलक्या बरगड्यांचा सांगाडा आणि वर ताणलेलं कापड. मेण लावलेल्या दोऱ्यानं कापड बरगडीला शिवायचं, प्रत्येक टाक्याला गाठ मारून ती अडकवायची, वरून पट्टी चिकटवायची आणि मग एक उग्र वासाचा लेप द्यायचा. लेप वाळला की कापड पत्र्याला लाजवेल इतकं ताठ. नौदलाच्या तळावर या कामासाठी वेगळं खातं होतं. माझे बाबा तिथं होते. आईही तिथंच होती, आणि त्यांचं लग्न त्या लेपाच्या वासातच जमलं.

मी आठ महिन्यांची असताना अकरा नंबरचं विमान समुद्रात पडलं. आत दोघं होते, दोघंही पंचविशीच्या आतले. पडायच्या आधी वैमानिक रेडिओवर एवढंच म्हणाला, की शेपूट ऐकत नाहीये. विमान कधी मिळालं नाही. एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात रडरच्या कापडाची हातभर पट्टी आली, टाके उसवलेली, थोड्या गाठी अजून तग धरून असलेली. चौकशी झाली. खात्याच्या वहीत लिहिलं होतं की अकराचं रडर बाबांनी शिवलंय. साहेबांनी ती पट्टी टेबलावर ठेवून विचारलं, हे तुमचं काम का? बाबांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि हो म्हणाले. सामान आवरायला एक दिवस देऊन त्यांना काढून टाकलं. आई त्या दिवसापासून शरमेनं कामावर गेलीच नाही.

आईनं हे बाबांना कधी विसरू दिलं नाही. बाबांच्या हातून कप फुटला तरी विषय समुद्रापर्यंत जायचा. दुकानात त्यांनी शिवलेली प्रत्येक शिवण ती नखानं ओढून बघायची, तीही गिऱ्हाइकासमोर. "तुमच्या हाताचा काय भरवसा?" म्हणायची. बाबा मूग गिळून गप्प. फारच झालं तर हसायचे, आणि त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दोन माणसं मेली आणि हा माणूस हसतो, असं मी कळायला लागल्यापासून मनात म्हणत आले. एकदा तोंडावरही विचारलं, "बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?" ते म्हणाले, "वाटतं ना." आणि सुईत दोरा ओवायला लागले. डावरे होते ते, डाव्या हातानं ओवायचे.

ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही. माणसं येऊन गेली, मी खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय जसा आपला नसल्यासारखा होतो, तशी मी सगळीच झाले होते. अजून तशीच होते. सकाळी दुकान उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं, मध्ये जे समोर येईल ते शिवायचं.

घरी येऊन मी आईला पत्र वाचून दाखवलं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. सहा हा आकडा ऐकला आणि ती खुर्चीत ताठ झाली.

"सहा? अगं, सहाचं रडर मी शिवलंय! माझं शेवटचं काम ते."

"नक्की?"

"नक्की काय विचारतेस? तू घरी शेजारणीकडे होतीस. मी तिथं शिवत होते आणि सारखं घड्याळ बघत होते. पन्नास वर्षं टिकलं म्हण की!" मग जरा थांबून म्हणाली, "ह्यांना दाखवायला हवं होतं. म्हणावं, बघा, काम असं असतं."

मला जायचं नव्हतं. विमानांवर माझा राग होता, बाबांवर होता, आणि त्या रेखीव अक्षरावरही थोडा होताच. पण आईला इतकं खूष मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं मला तीन-तीनदा बजावलं की गाठी मोज, पट्टी कुठं सुटलीय का बघ, आणि त्या माणसाला सांग की यादीत माझं नाव नीट लिही. बाबा गेल्याचं आणि मीच येत असल्याचं मी त्या गृहस्थांना कळवलं, आणि रविवारी आरी, वाकडी सुई आणि छोटी सुरी घेऊन निघाले.

यादीवाले काका बस थांब्यावर माझ्या आधी येऊन उभे होते. बारीक अंगाचे, खिशाला तीन पेनं. बस आली तसं त्यांनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "सात मिनिटं उशीर. माझ्या वेळी असं नव्हतं." मी म्हटलं, "तुमच्या वेळी मी रोज याच बसला वीस मिनिटं थांबायचे." त्यावर ते मनापासून हसले, आणि तिथून आमचं बरं जमलं.

तासाभराच्या वाटेत त्यांनी मला बाकीच्या तीन विमानांची हकीकत सांगितली. एक विमान शाळेच्या फाटकासमोर खांबावर चढवून ठेवलंय आणि मास्तरांना त्याचं नावसुद्धा सांगता येत नाही. दुसरं बागेत आहे, त्याच्या पंखाला घसरगुंडी जोडलीय. तिसरं एका भंगारवाल्याच्या आवारात. त्याच्या पोटात कोंबड्या राहतात आणि अंडी चांगली मिळतात म्हणून मालक ते द्यायला तयार नाही.

"पण खरी डोकेदुखी वेगळीच आहे, ताई," ते म्हणाले. "उसनवारी."

"कसली उसनवारी?"

"भागांची. सकाळी चार विमानं उडवायची आहेत आणि एकाचा एखादा भाग बिघडलाय, तर जे उडणार नाही त्याचा काढून याला लावायचा. संध्याकाळी वहीत लिहायचं. संध्याकाळी कोण लिहितो? त्यामुळे कुणाचं चाक कुणाला, कुणाचं शेपूट कुणाला. मी शेवटी ठरवलं, वैमानिकाच्या खुर्चीजवळच्या पितळी पट्टीवर जो नंबर, ते विमान. नाहीतर वेड लागेल."

मग मीही त्यांना बाबांचं सांगितलं. अकरा, कापडाची पट्टी, चौकशी, सगळं. परक्या माणसाला सांगायला काही जड गेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, अकरा बुडाल्याचं त्यांना अर्थातच माहीत होतं, आणि थोड्या वेळानं त्यांनी त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी मला दिली.

विमान एका संग्रहालयाच्या मागच्या गोदामात होतं. पंख दुमडलेले, नाकावर ताडपत्री, पोटाखाली गळणाऱ्या तेलासाठी पत्र्याचा ट्रे. तेल गळायचं थांबून जमाना झाला असावा. रडर काढून दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं. माझ्या उंचीचंच होतं. लेप पिवळा पडला होता, पण कापडावर बोटानं टिचकी मारली तर अजून टणटणीत आवाज आला. काकांनी संग्रहालयाकडून चार बोटं पट्टी उघडायची लेखी परवानगी आणली होती. ती त्यांनी मला आधी वाचायला लावली.

मी सुरीनं पट्टीची कड सोडवली आणि ती हळूहळू उलटली. आत दोरा होता, मधाच्या रंगाचा झालेला. गाठी एकाखाली एक, सारख्या अंतरावर. सुईचं टोक गाठीखाली घालून पाहिलं, शिरलं नाही. प्रत्येक गाठ वर अडकवून पक्की केलेली होती. असं काम मी स्वतः करत नाही. मी काय, कुणीच करत नाही.

आणि सगळ्या गाठी बरगडीच्या डाव्या अंगाला होत्या.

उजव्या हातानं शिवणाऱ्याची गाठ उजवीकडे पडते. माझी पडते, आईची पडते. मी बाजू बदलून पाहिलं, रडर उलटं तर ठेवलं नाही ना म्हणून बिजागरी तपासली. नव्हतं उलटं. डाव्या हाताच्या गाठी मी तीस वर्षं रोज शेजारी बसून पाहिल्या होत्या. त्या खात्यात दुसरं कुणी डावरं नव्हतं. आई बाबांना तिथलं एकमेव उलटं माणूस म्हणायची.

"काका, हे सहाचं रडर नाही," मी म्हटलं.

"सहाचंच आहे. खाली नंबर आहे बघा."

खालच्या कोपऱ्यात नंबर होता. बाकीची सगळी अक्षरं साच्यानं उमटवलेली, पण सहा मात्र ब्रशनं हातानं काढलेला, पोट नीट न मिटलेला. दुकानातल्या पावत्यांवर आणि खुर्च्यांच्या चिठ्ठ्यांवर बाबा असाच सहा काढायचे. काकांनी बॅटरी आडवी धरली. सहाच्या भोवती रंगाचा एक चौकोन होता, बाकीच्यापेक्षा जरा गडद, आणि त्याच्या पोपड्यांखालून साच्यानं उमटवलेला अकरा दिसत होता.

काकांनी बॅटरी आणखी जवळ नेली. "अकरा! ताई, अकराचा तुकडा आहे हा! अहो, जगात कुणालाच माहीत नाही हे." मग त्यांचं वेळापत्रकवालं डोकं चालायला लागलं आणि ते भराभर बोलू लागले. "म्हणजे त्या सकाळी अकराचं रडर बिघडलं असणार, बिजागरी वगैरे. ही बघा, एक बिजागरी नवी आहे. सहा त्या दिवशी उडणार नव्हतं. त्याचं काढून अकराला लावलं. संध्याकाळी वहीत लिहायचं होतं, तर संध्याकाळी विमानच नव्हतं, मग कोण लिहितोय? मागाहून हे दुरुस्त करून सहाला बसवलं. बुडालं ते सहाचं रडर! तुमच्या वडिलांचं हे इथं आहे, एक टाका न उसवलेलं. ताई, तुमच्या वडिलांची काही चूक नव्हती!"

मी गोदामातल्या एका खोक्यावर बसले. काही वाटलं नाही. म्हणजे मी वाट बघितली काही वाटतंय का, पण नाही. एकेक गोष्ट तेवढी समोर येऊन उभी राहत होती. साहेबांनी बाबांच्या हातात पट्टी दिली, त्यांनी ती उलटून पाहिली. गाठी उजवीकडे होत्या. आपल्या बायकोचा हात त्यांनी ओळखला, आणि हो, माझंच काम, असं सांगितलं. नंतर सामान आवरायला जो एक दिवस मिळाला, त्यात त्यांनी ब्रश आणि रंग घेतला, सहा नंबरच्या विमानाकडे गेले आणि आपला अकरा झाकून टाकला. मग घरी आले. घरी आल्यावर पन्नास वर्षं ऐकून घेतलं.

"आता प्रश्न एवढाच," काका वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "सहाचं कुणी शिवलं होतं?"

"काका, अकरा लिहू नका."

"काय?"

"सहाचं लिहा. शिवणारीच्या जागी माझ्या आईचं नाव लिहा. तिची तशी इच्छा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाठींकडे, मग परत माझ्याकडे. हुशार माणूस. पेनाला टोपण घातलं. "तुमच्या आई..."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. घरी वाट बघतायत."

नऊ वर्षांत त्यांच्या हाती लागलेली सगळ्यात मोठी गोष्ट मी त्यांच्याकडून काढून घेत होते, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. शेवटी काका म्हणाले, "खोटं मी लिहीत नाही, ताई. नाव काही मी घालणार नाही. पण जागा रिकामी ठेवतो. अकराचं उशिरा लिहिता येईल. उशीर काय, होतच असतो." मी पट्टी परत चिकटवली. नंबरावर त्यांनी स्वतःच ताडपत्रीचं टोक ओढलं.

परतीची बस वेळेवर आली, तरी काकांनी घड्याळात पाहिलं नाही.

आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. मी चपला काढायच्या आत तिनं विचारलं, "कसं आहे माझं रडर?"

"छान आहे."

"छान म्हणजे? गाठी मोजल्यास?"

"चार बोटांत जेवढ्या होत्या तेवढ्या मोजल्या. एकही ढिली नाही. सुईचं टोकसुद्धा आत जात नाही."

ती इतकी हसली की तिला खोकला आला. मी पाणी दिलं. "तरी त्या दिवशी घाईत होते गं," ती म्हणाली. "तू अंगावर पिणारी. शेजारीण म्हणाली होती, फार रडते, लवकर या. जीव नुसता टांगणीला लागलेला. मला वाटलेलं, शेवटच्या दोन बरगड्यांना गाठी अडकवायच्या राहिल्या की काय. रात्री आठवून आठवून झोप नव्हती. मग म्हटलं सहा काय उद्या उडत नाही, सोमवारी बघू. आणि सोमवारी सकाळीच ते अकराचं झालं, मग कुठलं बघणं."

मी ग्लास उचलून मोरीत ठेवला.

"बघ म्हणजे," आई म्हणाली, "घाईत केलेलं माझं टिकलं. आणि ह्यांना काय घाई होती? हे तर तासन्‌तास एकाच बरगडीवर बसायचे. इतकं होऊन हा माणूस रात्री गाढ झोपायचा. मला त्याचाच राग यायचा. माझ्या हातून झालं असतं ना, तर मी जगले नसते. खरंच सांगते. तुला शेजारणीकडे दिलं असतं आणि गेले असते."

"माहीत आहे मला."

मग टेबलावरचा हात तिनं उलटा केला, सुलटा केला, आणि वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाली, "कधी कधी वाटतं, फारच बोलले मी त्यांना. नाही का गं? पण चूक त्यांचीच होती ना?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो आई," मी म्हटलं. "बाबांचीच चूक होती."

आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं. ते थांबेना. मी खाली जमिनीवरच बसले. आईला खुर्चीतून उठता येत नव्हतं, तिनं वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आता रडून काय उपयोग," ती म्हणाली. "त्यांनी तेव्हाच गाठ नीट मारायला हवी होती."